आत्याची पुढची फ्रेम

सोमवार, ३ जून

पोचले! खोली स्टुडिओच्या माडीवरच आहे. खिडकी मोठी, आणि दुसऱ्या खाटेलाही जागा. ती जागा बघूनच जीव सुखावला. नोकरी कायम झाली की आत्याला इथे आणायचं. काकूच्या घरात तिला कुणी माणसात धरत नाही. तिला ऐकू येत नाही, म्हणून तिच्या तोंडावर वाटेल ते बोलतात. तिला ओठ वाचता येतात हे ठाऊक असूनही. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं तिनेच शिकवली, स्वतःच्या ओठांवरून.

मालकीणबाईंचं स्वागत असं: आधीची मुलगी पळाली, तू किती टिकतेस बघू. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

बुधवार, ५ जून

मुलांसाठीच्या छोट्या फिल्मकरता मातीची एक नर्स आहे, वीतभर उंच. तिने मुलांना सांगायचं, हात धुवा. दर फ्रेमला तिचं तोंड बदलायचं, कधी उघडं, कधी गोल, कधी मिटलेलं, आणि तेवढी एकच फ्रेम टेपवर घ्यायची. घरी दादाच्या व्हीसीआरवर मी हा खेळ करून पाहिला होता. पॉज सोडून लगेच दाबला तरी मूठभर फ्रेमा निसटायच्या, जोडावर चित्र फाटायचं, बाहुली उचकी लागल्यासारखी चालायची. इथलं मशीन शहाणं. लांब उडी मारणारा चार पावलं मागे जातो, तसं ते टेप मागे नेतं, वेग घेत पुढे येतं आणि नेमक्या जागी एकच फ्रेम उतरवून थांबतं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. बाई म्हणाल्या, एवढ्या घासाघाशीने टेप झिजते, तेव्हा चुकायचं नाही. आणि चुकलं तर ते तुझं, मशीनचं नव्हे.

शनिवार, ८ जून

पहिला तुकडा चालवून पाहिला. नर्स ‘हात धुवा’ म्हणत नाही. तिचे ओठ म्हणतात: आत्याला आण.

तोंडं मीच लावली होती, एकेक तपासून. म्हणजे दोष माझाच. सगळं पहिल्यापासून घेतलं.

सोमवार, १० जून

पुन्हा तेच. बाईंना सांगून टाकलं. लपवणं मला जमत नाही. त्यांना ओठ वाचता येत नाहीत. त्या म्हणाल्या, बाहुलीचं तोंड हलतंय ना, मग तुझं कशाला चालवतेस? नंतर माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, आत्या आली तर तुझं चित्त थाऱ्यावर राहील? मग आण तिला. नोकरी पक्की समज.

मनी वसे ते बोटांत उतरलं असणार. दुसरं काय?

शुक्रवार, १४ जून

आत्या आली. खाटेवर बसल्या बसल्या तिने काकूची नक्कल केली. मी पोट धरधरून हसले. मला अजून लहानपणीसारखं ‘किडे’ म्हणते. दुपारी खाली नेऊन टेप दाखवली. नर्सचं तोंड मिटलेलं, प्रत्येक फ्रेममध्ये. आत्या मात्र मान हलवत पडद्याला काहीतरी उत्तर देत होती. ती पाठमोरी होती. ओठ दिसले नाहीत.

रविवार, १६ जून

आत्या पाणी प्यायला उठली. भांड्यापर्यंत गेली. तशीच मागे सरत दाराशी आली. पुन्हा भांड्यापर्यंत. हात जरासाच पुढे झाला. पुन्हा दार.

सोमवार, १७ जून

आज ती थांबली. नर्सच्या टेबलापाशी, खुर्चीत. डोळे उघडे. श्वास अर्ध्यावर. डॉक्टरांना बोलावते म्हटलं, तर बाईंनी बाहेरून कुलूप घातलं. म्हणाल्या, वेडाबाई, फ्रेम घे. घेतली. आत्याचा श्वास एवढासा पुढे सरकला.

टेपवर नर्स नाही. आत्या आहे.

मंगळवार

मी फ्रेम घेतली की ती तेवढीच जगते. मी थांबले की थांबते. हात बधिर झालेत. दाराआडून बाई म्हणाल्या, आधीची पळाली नाही गं, तिची टेप तुटली. तिनेही आईला आणलं होतं. तू जपून.

चित्रावर पांढऱ्या रेघा येतायत — आत्याच्या गालावरही. पुसून पाहिल्या. जात नाहीत.

बुधवार

तिचे ओठ हलतायत. ती मला काहीतरी सांगतेय. सकाळपासून फ्रेमला फ्रेम जोडून वाचतेय. बं. मग द. आता क —

बंद कर? की बंद करू नको?

बंद केलं तर ती अशीच राहील. नाही केलं तर टेप —

रेघा डोळ्यांपर्यंत आल्यात. ओठ गोल झाले तर ‘करू’. नाही झाले तर —

एकच फ्रेम. टेप एवढी तरी — एकच —

मशीन मागे गेलं. येतंय.

ओठ