अंगणातल्या स्वयंपाकघराचे थडगे करू नये म्हणून

प्रति,
मा. वारसा जतन अधिकारी,
अंगण-अवशेष स्मारक स्पर्धा कक्ष, वॉर्सा

विषय : मुरानुव येथील आमच्या अंगणात सापडलेल्या, युद्धकाळातील ज्यू घेट्टोच्या स्वयंपाकघराभोवती 'शांतता-क्षेत्र' न करण्याबाबत.
संदर्भ : निवडलेल्या आराखड्याचे प्रदर्शन, नोव्हेंबर २०२४.

महोदया,

आम्ही इथे राहायला आलो तेव्हाच तळमजल्यावरच्या बोगुमिला काकूंनी मला बजावले होते, "पोरीला अंगणात खणू देऊ नकोस गं. इथली जमीन वस्तू परत करते." आमची सारी वस्ती नाझींनी जमीनदोस्त केलेल्या घेट्टोच्या ढिगाऱ्यावर उभी आहे हे मला ठाऊक होते, तरी मी पदवीधर बाई, हसून सोडून दिले. यंदा वसंतात माझ्या चार वर्षांच्या कालिनाने खेळण्यातल्या फावड्याने निळ्या नक्षीची फरशी वर काढली. मीच आपल्या कार्यालयाला फोन केला. उत्खनन झाले आणि घसरगुंडीशेजारी तळघरातले स्वयंपाकघर उघडे पडले : चूल, मोरी, भिंतीत खुंट्या. इथवर माझी काहीच तक्रार नाही.

गोंधळ आम्हा रहिवाशांच्या भाबडेपणाने झाला, हे नम्रपणे नमूद करते. सर्व संतांच्या दिवशी आप्तांच्या कबरींवर दिवे लावून दफनभूमीतून परतताना ज्याच्या त्याच्या पिशवीत उरलेला लाल काचेचा दिवा खड्ड्याच्या कडेला आला. माझाही होता. दुसऱ्याच दिवशी आपले परीक्षक मंडळ पाहणीला आले, दिवे पाहून गहिवरले, आणि निवडले काय, तर काळ्या पोलादाचा खिडकीविना कोठा! घसरगुंडी हलणार. अंगणात धावणे, हाका मारणे व चेंडू यांस मनाई. महोदया, माझी मुलगी झोपेतसुद्धा हाका मारते.

शिवाय प्रदर्शनातल्या नमुन्याच्या कठड्याला मी मोजपट्टी लावली. (तिथल्या बाई रागावल्या.) त्या गजांतून कालिनाचे डोके आत जाईल, बाहेर येईल की नाही, हे आराखड्यात दिलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. त्याच घरातून तान्हेपणी लपवून बाहेर नेलेले श्री. नातान शेर हे वृद्ध गृहस्थ उत्खननापासून रोज दुपारी डबा घेऊन खड्ड्याशी बसत. दिवे पाहून मला म्हणाले, "कबर असती तर आमच्या रीतीने खडा ठेवला असता, पोरी. हे स्वयंपाकघर आहे. इथे माझी आई म्हणे भांडी घासायची आणि माझ्या भावांवर ओरडायची." काळ्या कोठ्याचे चित्र दाखवल्यावर म्हणाले, "छान आहे. फक्त आतून कडी ठेवा, म्हणजे आईला बाहेर पडता येईल." मग कालिनाला, "तू ओरड गं. या भिंतींना सवय आहे."

तरी आम्हा दोघांची सूचना अशी : खड्ड्यावर ठेंगणे छप्पर घालावे, म्हणजे बर्फाने विटा फुटणार नाहीत. भोवती बसायला कट्टा करावा. घसरगुंडी आहे तिथेच राहावी. चुलीसमोर एकच खिडकी असावी, तीही मुलांच्या उंचीवर. मोठ्यांना वाकावे लागेल, श्री. शेर यांच्या मते मोठ्यांनी इथे वाकावेच.

परंतु गेल्या सोमवारी कुंपण लागले, 'शांतता राखा' अशी पाटी आली, आणि पहारेकऱ्याने श्री. शेर यांना "आजोबा, इथे खायला बंदी आहे" म्हणून उठवले. तेव्हापासून ते आलेले नाहीत. मी रोज दुपारी खिडकीत उभी राहते. ते एकटे राहतात, एवढेच मला माहीत आहे. फोन नंबर मी मागितला नाही. रोज येणाऱ्या माणसाचा कोण मागतो? त्यांनी स्पर्धेला स्वतंत्र हरकत पाठवली होती, म्हणजे पत्ता आपल्याकडे आहे.

आराखड्याचे काय ते सावकाश ठरवा. आधी कृपया आजच कोणाला तरी त्यांच्या दारापर्यंत पाठवा. दार उघडले, तर सांगा की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खड्डा नीट दिसतो, आणि इथे खायला बंदी नाही.

आपल्या निरोपाची वाट पाहणारी,
यागोदा विल्चेक
(दुसरा मजला, अंगणाकडची बाजू)
दि. २५ नोव्हेंबर २०२४

सोबत : १. कठड्याच्या मापांचे टिपण. २. ठेंगण्या छपराचे चित्र (कोपऱ्यातले मांजर कालिनाने काढले आहे, कृपया दुर्लक्ष करावे).