एकवीस दिवसांत खात्री

शुक्रवार, ता. २१ जुलै १९४४. जामखेड. पहाटे ५
आजपासून सुरुवात. गेल्या महिन्यात मेहुणा सुमंत नगरहून आला होता. वकील आहे, म्हणजे जेवतानासुद्धा उलटतपासणी. सगळ्यांदेखत विचारलं, पोथीतलं खरं आहे असं तुम्हाला स्वतःला वाटतं, की वडील म्हणायचे म्हणून तुम्ही म्हणता? मी गप्प बसलो. उत्तर नव्हतं असं नव्हे, तोंडात ताक होतं. ऑगस्टात तो पुन्हा येतोय. तोवर स्वतःची खात्री हवी. गावातल्या लोकांसारखी ऐकीव नको, स्वतः मिळवलेली, फर्स्ट क्लास.
प्रोग्रॅम: एकवीस दिवस. पहाटे स्नान, अर्धा तास प्रार्थना, दोन तास पोथी, एकदाच जेवण. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवतोय. एवढं एक सुटायला काय हरकत आहे.

शनिवार, ता. २२
प्रार्थना सहा मिनिटं. मन इतकं झटकन एकाग्र झालं की जास्त लागलीच नाही.
पोथी वाचताना समोर श्रोता हवा, अशी रीत आहे. दमयंतीला सांगितलं. ती म्हणाली, मग चूल तुम्ही पेटवा. बायकोच्या जातीला अध्यात्माची गोडीच नाही. शेवटी दूध घालणाऱ्या राहीबाईला बसवलं. अक्षरशत्रू बाई. मुलगा बन्सी पलटणीत, इटलीत लढतोय. त्याची पत्रं मीच वाचून दाखवतो, तेव्हा ती मला नाही म्हणणार कशी? डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उंबऱ्याशी बसली. काय कळत असेल कोण जाणे.

मंगळवार, ता. २५
एकदाच जेवायचं तर पोटभर जेवावं. शाळेत तिसऱ्या तासाला डोळा लागला. पोरं हसली. मूर्ख आहेत. साबुदाण्याची खिचडी जेवणात धरत नाहीत, हे दमयंतीला पुन्हा समजावून सांगावं लागलं.

शुक्रवार, ता. २८
आपली पोथी सुट्या पानांची. आज दोन पानं एकदम उलटली गेली. चुकून. पण बघतो तर अर्थाला काही बाध नाही. मग पुढची पाच-सहा मुद्दाम उलटली. नुसती वर्णनं असतात, सार मला कळलेलंच आहे. उठताना राहीबाई म्हणाली, मधलं थोडं ऱ्हायलं का काय. म्हटलं, तुला डुलकी लागली असेल. म्हणाली, आसंल. दरवर्षी मारुतीच्या देवळात ऐकते म्हणे. ऐकून कुणी शहाणं झालंय?

सोमवार, ता. ३१
देवळात पोथी वाचतो तो गोरक्षनाथ. दरवर्षी त्याच जागी रडतो. रडायला काय लागतं? कांदा चिरतानाही येतं. मला तसलं काही नको, प्रूफ हवं.
आज प्रार्थनेत पाठीत काहीतरी सळसळलं. अनुभव म्हणून नोंद करतोय. दमयंती म्हणाली, मुंगळा होता. तिनं झटकला आणि सगळा घोटाळा केला.

गुरुवार, ता. ३ ऑगस्ट
देवाला सरळ अट घातली. पोथी खरी असेल तर शाळेची घंटा व्हायच्या आत तुळशीवृंदावनावर कावळा बसव. कोंबडी बसली, शेजाऱ्यांची. पक्षी तो पक्षी. अर्धी खात्री झाली असं धरतो. प्रार्थनेचे तीन दिवस बुडालेत, ते एकत्र भरून काढीन.

सोमवार, ता. ७
राहीबाई वाचन संपल्यावर थांबली आणि कनवटीचं पत्र काढलं. पलटणीतून आलेलं, दुसऱ्या कुणाच्या हातचं. बन्सी इस्पितळात आहे. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जहाज मिळालं की घरी पाठवतील.
मी वाचलं, "बन्सी मजेत आहे. मधे थोडा ताप होता, उतरला." तिच्या भल्यासाठीच. म्हातारं माणूस, धसका घ्यायची. शिवाय पारायणाचे तीन दिवस राहिलेत, ती रडत बसली तर ऐन वेळी श्रोता कुठून आणू? पण मुख्य कारण तिचं भलं. सगळं वाचलं का, असं विचारलं तिनं. म्हटलं, अक्षर न् अक्षर. पत्र कपाळाला लावून गेली. खरं पुढे सवडीनं सांगीन.

बुधवार, ता. ९
राहीबाई दोन दिवस वाचायच्या वेळेला आली नाही. दूध जावेच्या हाती. दमयंतीला पाच मिनिटं बसवलं, तीही तांदूळ निवडत. सुमंतचं कार्ड: कोर्टात केस आहे, येत नाही. प्रश्नाचा उल्लेखसुद्धा नाही. घाबरला असणार.

गुरुवार, ता. १० ऑगस्ट. समाप्ती
पोथी संपली, म्हणजे शेवटचं पान वाचून झालं. दमयंतीनं पुरण घातलं होतं.
राहीबाई आज स्वतः दूध घेऊन आली. उंबऱ्याशी बसली नाही, उभीच राहिली. पत्र आलं त्याच दिवशी सहादेव पोस्टमननं विहिरीवर वाचून दाखवलं होतं म्हणे. चौथी नापास माणूस, बोट ठेवून वाचणारा. तिला वाटलं, त्यो चुकला आसंल, शिकल्याल्या मान्साकडून खात्री करावी. म्हणून माझ्याकडे आणलं. माझं ऐकून एक दिवस लई बरा गेला, म्हणाली. सुनेला गोड करायला लावलं. आळीत सांगत फिरली. मग सहादेव तिच्यावर चिडला, म्हणून पत्र गोरक्षनाथाकडे नेलं. त्यानं सहादेवासारखंच वाचलं.
मी म्हणालो, तुला धसका बसू नये म्हणून. ती म्हणाली, पाय गेला, पर पोरगं येतंय. म्या देवाला तेवढंच मागितलं हुतं, त्यानं दिलं. माझ्यावर रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.
मग लोटीत दूध ओतता ओतता तिनं विचारलं.
"मास्तर, तुमी पोथीबी आशीच वाचता का?"
मी नाही म्हणालो. ती भांडं घेऊन गेली. मला फार लाज वाटली. पान वाढलेलं तसंच राहिलं.
एकवीस दिवसांत खात्री झाली ती एवढ्याच गोष्टीची, की आज तिला दिलेलं उत्तरही खोटं होतं.