दोनशे टोपल्या आणि एक डोकं

आदोंगबिसी,
बोल्गाच्या बाजाराचा दुसरा दिवस

माझी लाडकी बायको आफ्राकोमा हिला,

(तुमच्या कुमासी शहरातल्या लोकांनी हे वाचून भुवया चढवू नयेत. आमच्याकडे भावाची बायको ही बहिणींचीही बायकोच असते. शिवाय लग्नानंतर तुला इथवर आणताना ट्रकमध्ये कांद्याच्या पोत्यांवर बसून मी जी हाडं खिळखिळी करून घेतली, त्याबद्दल माझा तेवढा हक्क आहेच.)

तुझ्या नणंदेचा, अकोलपोकाचा, नमस्कार घे. तू कशी आहेस? घर कसं, घरातली माणसं कशी, अंगणातली कोंबडी कशी? गुडघा कसा आहे? दादाचं घोरणं कसं आहे? तुझ्या आईचा खोकला गेला, की तिनंच त्याला ठेवून घेतलाय? आमच्याकडे सगळे बरे आहेत. म्हणजे धुळीचा कोरडा वारा सुटलाय, ओठ फुटलेत, टाचा फुटल्यात, विहीर खाली गेलीय आणि आमच्या लाराबाआजीचे दीर वारले. पण ते गेली चार वर्षं वारतच होते, तेव्हा बरंच म्हणायचं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू फोन घेतलास की दादा शेजारून कान लावतो आणि मधेच 'पीक कसं आहे' असं ओरडतो, आणि या गोष्टीत पीक कुठेच येत नाही. म्हणून गवताच्या ट्रकवाल्याबरोबर ही चिट्ठी पाठवते आहे. दादाला दाखवू नकोस. विचारलं तर बायकांच्या दुखण्याची आहे म्हणून सांग, लगेच उठून जाईल.

तर आमची टोपल्यांची संस्था तुला ठाऊक आहेच. परदेशातल्या काही बायका ती चालवतात. आम्ही बावीसजणी टोपल्या विणतो, त्या तिकडे चर्चच्या आवारात टेबलं मांडून विकतात, आणि त्यातून आमच्या शेडवर पत्रा आला, मुलांच्या फिया भरल्या गेल्या आणि दवाखान्याची कार्डं निघाली. (त्या टेबलामागच्या बायका पगार घेत नाहीत म्हणे. लाराबाआजीचं मत, त्यांना घरी कुणी बोलायला नसावं.) संस्थेचं बोल्गातलं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक पंखा आणि तेंगान. पंखा कधीकधी बंद असतो, तेंगानचं तोंड कधीच नसतं. कुठली मागणी आली, केवढ्या मापाची, कुठल्या रंगाची, हे तो मोटरसायकलवरून येऊन सांगतो, माल तपासतो, आणि एखादीची वीण सैल असली तर ती टोपली डोक्यावर घालून शेडभर नाचतो. काम चोख. पण जमातीनं दागाबा.

आता वहिनी, तू असांते जमातीची. आमचं आणि दागाबांचं नातं तुला अजून उमगलेलं नाही. आमच्या बाच्या मयतीला एक दागाबा येऊन बाच्या शेजारी चटईवर आडवा झाला आणि म्हणाला, "आधी डोकं कुठं लपवलंय ते सांगा, मग याला उचला." तेव्हा तू झाडू घेऊन त्याच्यामागे धावलीस आणि अख्खं गाव तुझ्याकडे बघत राहिलं. तो बिचारा रीतीनं वागत होता. म्हणतात की फार पूर्वी आमच्या आणि त्यांच्या पूर्वजांनी मिळून एक कुत्रा भाजला, आणि त्याचं डोकं कुणी खाल्लं यावरून जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. त्यांच्या मते आम्ही खाल्लं, आमच्या मते त्यांनी. तेव्हापासून आमचं थट्टेचं नातं. त्यानं काहीही बोलावं, आम्ही रागवायचं नाही; आम्ही काहीही बोलावं, त्यानं मनावर घ्यायचं नाही. आम्ही फ्राफ्रा आणि ते दागाबा एकमेकांशी खरं बोलायला लागलो तर समजावं की दोघांपैकी एकाला ताप आहे.

झालं असं, की तीन महिन्यांमागे तेंगान आला, मोटरसायकल शेडला टेकवली आणि म्हणाला, "बायांनो, मोठी मागणी आहे. दोनशे टोपल्या. लांबट आकार, एका बाजूनं कड खाली, बूड दुहेरी. आत कुत्रा झोपेल एवढ्या."

लाराबाआजीनं दातात धरलेलं गवत बाजूला काढलं. "झोपेल की शिजेल रे?" तिथून जे सुटलं ते सुटलं. कुणी म्हणे, "झाकण लावायचं का?" कुणी म्हणे, "मीठ इथूनच घालून पाठवू, की तिकडे घालतील?" मी म्हटलं, "तेंगान, तुझ्या मापाची विणू का? रात्री बायको घरात घेत नाही म्हणून ऐकलंय." त्यालाही हसावं लागलं (रीतच आहे), आणि हसता हसता म्हणाला, "हसा, हसा! तुमच्या गावात म्हातारं झालेलं कुत्रं कुणी पाहिलंय का? पण मी खरंच सांगतोय." दागाबा माणूस 'खरंच' म्हणाला, यावर तर आम्ही उताण्या पडलो. चित्र काढलेला एक कागद तो ठेवून गेला, मापांसकट. थट्टेसाठी माणूस मापं घेतो, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं.

हेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आम्ही निमूट विणायला बसलो असतो. परदेशी लोक टोपलीत काय काय ठेवतात ते आम्हाला ठाऊक आहे. मासिकं ठेवतात, सरपण ठेवतात, झाडाची कुंडी ठेवतात, एकीनं स्वतःचं बाळ ठेवून फोटो पाठवला होता. कुत्र्याचं आम्हाला काही विशेष वाटलं नसतं. पण सांगणारा तेंगान होता. त्यानंतर तो दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा 'टोपल्या कुठवर आल्या' म्हणून विचारलं, दोन्ही वेळा आम्ही भुंकून दाखवलं. दुसऱ्या वेळी तो जरा कमी हसला. मला वाटलं दाढ दुखत असेल.

मग लाराबाआजीच्या दिराचं उत्तरकार्य सुरू झालं. कार्य म्हटलं की जेवणात कुत्रा आलाच, आणि कुत्रा म्हटलं की डोकं. मी जे काय बोलले ते आता आठवून मलाच थप्पड मारावीशी वाटते. म्हटलं, "हे पूर्वजांपासूनचं भांडण आपण मिटवून टाकू. तेंगानच्या वाट्याचं डोकं तेंगानला पाठवू, त्याच्याच टोपलीतून." सगळ्यांनी मांड्यांवर थापा मारल्या. कार्य आणखी आठ दिवस चालणार होतं. मी तो कागद समोर ठेवून सहा दिवस विणत बसले. वहिनी, खोटं कशाला सांगू, इतकी सरळ वीण माझ्या हातून जन्मात झाली नव्हती. जांभळा आणि पिवळा रंग, एका बाजूची कड अलगद उतरलेली, बूड दुहेरी, कडेला चामडं. चामडेवाला म्हणाला, "यात मीच झोपतो." कुत्र्याचं शिजलेलं डोकं शियाच्या झाडाच्या पानांत गुंडाळून आत ठेवलं, वर माझं स्वच्छ फडकं घातलं, आणि तीनचाकी करून मी स्वतः ऑफिसात घेऊन गेले. माझ्या थट्टेला तो कसं तोंड देतो ते मला बघायचं होतं.

ऑफिसात तेंगान होता, पंखा चालू होता, आणि खुर्चीवर संस्थेची परदेशातली ब्रिजिटबाई बसली होती. सकाळीच आली होती, दोनशे टोपल्यांचं कुठवर आलं ते बघायला. तिच्या मागे भिंतीवर एक फोटो चिकटवलेला. लांबट टोपलीत, गादीवर, पांढरा केसाळ कुत्रा बसलाय आणि आपल्या बापाची शेड असल्यासारखा बघतोय. त्या फोटोकडे बघता बघता मला कळलं, की मागणी खरीच होती. पण तोवर ब्रिजिटबाईनं टोपली माझ्या हातातून घेतली होती. केवढी आनंदली म्हणून सांगू! कडेवरून हात फिरवला, बूड दाबून पाहिलं, माझा गाल धरला. मग फडकं उचललं, पानं बाजूला केली. (डोळे मिटलेले होते, एवढीच आमच्या बाजूनं सांगण्यासारखी गोष्ट.)

बाई ओरडली नाही. टोपली हलकेच टेबलावर ठेवली, भिंतीकडे तोंड केलं आणि रडायला लागली. भिंतीवरचा तो पांढरा कुत्रा तिचाच होता, आणि गेल्या पावसाळ्यात वारला होता. बाई वाईट नाही गं. आमच्या शेडवरचा पत्रा तिनं शिडीवर चढून स्वतः ठोकलाय. आणि वहिनी, अशा वेळी तेंगान हसला. त्याचा इलाज नव्हता. फ्राफ्रा बाईनं कुत्र्याचं डोकं आणून दिल्यावर दागाबाला हसू आलं नाही तर त्याचे पूर्वज उठून बसतील. तोंड दाबून हसला, टेबल धरून हसला, डोळ्यांत पाणी आलं. बाईनं वळून बघितलं, तेव्हा कुठे थांबला.

"हे कुणी पाठवलं?" बाईनं विचारलं. तेंगान उठला, शर्ट नीट केला आणि म्हणाला, "मी मागवलं. माझं जेवण आहे. यांना सांगितलं होतं, नमुना आणाल त्याबरोबर माझंही आणा. यांची काही चूक नाही. या साध्या बायका आहेत." बाई पुष्कळ बोलली, हळू आवाजात, त्याच्याकडे न बघता. त्यातलं मला एवढं समजलं, की दोन महिने त्यानं काही केलेलं नाही, वर हसतो आहे, असला माणूस संस्थेला नको. सहा आठवड्यांत दोनशे टोपल्या आल्या तर त्याच्याबद्दल विचार करीन, नाहीतर दुसरा माणूस आणि दुसरं गाव. मी तिथे खांबासारखी उभी होते. 'चूक माझी' एवढे दोन शब्द बोलायचे होते, तेही आले नाहीत. तेंगान दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "जा आता, डोकंखाऊ. एकशे नव्व्याण्णव राहिल्यात."

तेव्हापासून आम्ही विणतोय. गवत वळून वळून मांड्या सोलल्यात, बोटं रंगून जांभळी झालीत, मांड्यांना चोळायचं शियाचं लोणी घरात उरलेलं नाही. लाराबाआजी दृष्टी गेलेली असूनही बूड बांधून देते. माप बरोबर आहे का बघायला आम्ही गावातला एकेक कुत्रा धरून आणतो, पण आमच्या गावचे कुत्रे काही वेडे नाहीत. बायका टोपली घेऊन येताना दिसल्या की थेट नदीपलीकडे दिसतात. शेवटी एक गिनी कोंबडी आपणहून आत बसली आणि अंडं घालून गेली. आज सकाळी एकशे छत्तीस झाल्या.

असो. तुझ्या गुडघ्याला शेक दे, आईला मध दे आणि दादाला काही देऊ नकोस. सगळ्या घराला माझा नमस्कार सांग, कोंबडीसकट.

तुझी नवरोबा,
अकोलपोका

ता. क. लिहायचं मुख्य राहिलंच. तिकडून लांब काडीचं गवत दहा भारे याच ट्रकनं पाठव. इथल्या बाजारात आखूड काडी आहे, तिच्यात कुत्रा मावेल पण शेपूट बाहेर राहील.

ता. क. दुसरा. गवत पाठवू नकोस. गवत परवाच आलं, भरपूर आहे. खरं कारण लिहायला लाज वाटली म्हणून गवत लिहिलं.

खरं कारण हे, की परवा मी एक गिनी कोंबडी घेऊन तेंगानकडे गेले. दारात उभी राहून म्हटलं, "तेंगान, तू आमचा दोष स्वतःवर घेतलास. मी तिथे असून तोंड उघडलं नाही. मला माफ कर. तुझे उपकार मी विसरणार नाही." त्यानं कोंबडी उचलून कानाशी धरली आणि विचारलं, "ही भुंकते का?" आणि जो हसत सुटला! "वा गं अकोलपोका, वा! यंदाची सगळ्यात भारी थट्टा!" म्हणत मला हाताला धरून चहाच्या टपरीवर नेलं, तिथे माझी नक्कल करून दाखवली, रडका आवाज काढून. टपरीवाल्यानं मला चहा फुकट दिला. मीसुद्धा हसले. काय करणार? पण वहिनी, मी खरं बोलत होते.

आमच्या बावीसजणींपैकी कुणीही गेली तरी हेच होणार. दादा गेला तरी हेच. तू मात्र असांते. तुझं आणि दागाबांचं कसलंच नातं नाही, आणि तुझा चेहरा मुळातच असा आहे की कुणी हसायला धजत नाही. (हे कौतुक समज.) महिनाअखेर बाई ठरवणार, तो राहणार की जाणार. त्याआधी ये. दादाला सांग, नणंद आजारी आहे. थेट ऑफिसात जा आणि मी वर लिहिलंय ते शब्द न बदलता सांग. तो हसला तर गप्प उभी राहा आणि थांबला की पुन्हा पहिल्यापासून सांग. तो न ऐकताच गेला, तर मी जन्मात एकदा त्याच्याशी खरं बोलले ते त्याच्या लेखी थट्टाच राहील, आणि हे मला सहन होत नाही.

ता. क. तिसरा. सगळं सांगून झालं, त्याला पटलं असं दिसलं, की निघताना माझ्या नावानं त्याला एक सणसणीत शिवी घाल. कुठली ते तू ठरव. नुसतंच गोड ऐकलं तर त्याला वाटेल मी मरायला टेकले, आणि हातातलं काम टाकून मोटरसायकलवरून इकडे धावत येईल.