पोस्टमास्तरांच्या भिंगातले चंद्र

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (हल्ली वाकलो की उठवायला माणूस लागतो, म्हणून खुर्चीतूनच). तुझे गुडघे काय म्हणतात? माझा मोतीबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, आता सगळं लख्ख दिसेल." दिसतंय खरं. भिंतीचे पोपडे, सूनबाईंच्या कपाळावरची आठी, सगळंच.

पत्र लिहायचं कारण असं, की नातीच्या वर्गात मला थोर खगोलशास्त्रज्ञांवर बोलायला बोलावलं होतं. मी कवितेतूनच बोलणार, हे तुला सांगायला नको. परीक्षेसाठी आपण रचलेल्या ओळी मला अजून पाठ आहेत (तू म्हणशील, "आपण नाही, मी रचलेल्या." असू दे):

कोपर्निकसने दिला सूर्याला मधला मान,
पृथ्वी म्हणे, मग फिरते मीच, धरून कान!
केप्लर म्हणतो, वाट ग्रहांची गोल नव्हे, लांबट,
सूर्याजवळी धावाधाव, दूर जाता रमतगमत!

मुलं खूश झाली आणि मला चेव चढला. गणिताच्या सरांना सूर्य करून मध्ये उभं केलं, मुलांना भोवती फिरवलं. केप्लरचा नियम ग्रहांनी अर्धाच ऐकला, धावाधावीचा. शनी गुरूवर आदळला, मंगळाचा बूट निघाला, सूर्य फळ्याला चिकटला. मुख्याध्यापिका डोकावून गेल्या आणि थोड्या वेळानं पुन्हा आल्या. मी म्हटलं, "मुलांनो, धूमकेतू परत येतो, आणि कधी येणार तेही आधी सांगता येतं, हे हॅलेनं गणितानं दाखवलं." उपमा त्यांना मानवली नसावी.

मग गॅलिलिओची पाळी आली. त्याला गुरूशेजारी चार चंद्र दिसले, म्हणजे सगळं काही पृथ्वीभोवती फिरत नाही, इथवर मी शुद्धीवर होतो. पण तिथून मी जो घसरलो तो थेट बाबांच्या चष्म्यांच्या दुकानात. काच घासायच्या चाकाची ती ओली घरघर, नंबर लिहिलेले खण, टेबलाखालची आपली जागा! पोस्टमास्तरांचा चष्मा दांडी बसवायला आला होता, आणि आपण त्याचं एक भिंग काढून नकाशाच्या पुठ्ठ्याच्या नळीला लावलं. दुसऱ्या टोकाला बाबांचं बारीक कामाचं भिंग. बाबा तीन दिवस खण उपसत होते, आणि पोस्टमास्तर बाबांच्या जुन्या चष्म्यानं टपाल वाटत होते (आपल्याकडे परक्यांच्या तीन लग्नपत्रिका आल्या. एका लग्नाला आई जाऊनही आली).

भरात मी सांगून टाकलं, "मी नळीला डोळा लावून चारही चंद्र पाहिले, आणि अक्कानं वहीत टिपून घेतलं. हर्शेल दुर्बिणीशी असायचा आणि त्याची बहीण कॅरोलाइन नोंदी घ्यायची, अगदी तस्सं!"

पुढच्या बाकावरच्या एका चिमुरडीनं विचारलं, "पण त्या बहिणीनं स्वतः काही नाही शोधलं?"

"शोधले की. धूमकेतू."

"मग तुमच्या अक्कानं?"

मी दोन पेले पाणी प्यायलो.

आता अडचण अशी, की वर्गानं या सगळ्या मंडळींचा मोठा तक्ता केलाय आणि शेवटच्या चौकोनात माझं नाव घातलंय. शनिवारी तो दारावर लागणार. वर्गाच्या बाई खात्री करायला तुला फोन करतील. तू फक्त "हो" म्हण. "आधी मी पाहिलं" हे तू साठ वर्षं प्रत्येक भेटीत ऐकवत आलीस, आणि मी साठ वर्षं नाही म्हणत आलो. आता या वयात, परक्या बाईंसमोर, माझी शोभा करू नकोस. धाकट्याचं एवढं ऐक.

तुझा,
धाकटा

ता. क. वही सापडली, माझ्याच ट्रंकेत. नव्या डोळ्यानं वाचली. पानभर टिंबं, आणि खाली माझंच गिचमिड अक्षर: "अक्काला चार दिसले. मला माझ्या पापण्या दिसल्या."

आणखी एक ता. क. सकाळीच शाळेत जाऊन आलो. चौकोनात आता तुझं नाव आहे. त्याखाली बारीक अक्षरात माझं, "नोंदी घेणारा" म्हणून. तेव्हा बाईंचा फोन आला की "हो"च म्हण. ती नळी तुझ्या माळ्यावर आहे ना? शनिवारी तक्ता बघायला ये, आणि येताना ती घेऊन ये. गुरू सध्या दिवेलागणीलाच वर आलेला असतो. मी अजून एकही चंद्र पाहिलेला नाही, अक्का. या वेळी वही तू धर.