पोरीले पेपरले पाठवू का नाही

बाबा, आणि वरून तुम्ही विहारात सगळ्याइले सांगत फिरले की पोरीचं अभ्यासात मनच नाही, तिनंच शाळा सोडली. मनच नाही! पाचवीत मी वर्गात पहिली येत होती. पोट दुखते, घडीघडी बाहेर जा लागते, रक्त पडते, हे लोकाइले सांगाची तुमाले लाज वाटली, म्हणून मले ढ करून टाकलं. तुमाले जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गावाकडचे लोक लग्नात भेटले की अजून तेच म्हणतात, "हिले शिकाचा कंटाळा होता ना वो." मी हसते आणि जेवाले बसते. काय सांगू त्याइले, ताटावर बसून?

तो दिवस मले स्वच्छ दिसते. गणिताचा तास आहे. मी हात वर करते. बहनजी म्हणते, "फिर से? अभी तो गई थी. बैठो चुपचाप." मी बसते. मग जे व्हायचं ते होते. पोरी नाक धरतात, बेंच सरकवतात. कोणी तरी तुमाले निरोप देते आणि तुम्ही ड्यूटीवरून तसेच सेफ्टी शूज घालून येता. रागावत नाही, विचारत नाही. गळ्यातला गमछा काढून माझ्या कमरेले गुंडाळता, सायकलच्या डंड्यावर बसवता आणि सेक्टर दहाच्या सगळ्या क्वार्टरांसमोरून घंटी वाजवत नेता, जसं पोरीनं बक्षीस मारलं. ते मी विसरली नाही. म्हणून तर तुमच्यावर धड रागावताही येत नाही, आणि त्याचाही राग येते.

घरी माय सिगडीवर पेज शिजवून राहिली होती. तुम्ही हातपाय धुतले आणि म्हणाले, "काही दिवस हिचा शटडाउन घेऊ." तुमच्या स्टील प्लँटमध्ये भट्टी बिघडली की शटडाउन घेत, थंड करत, दुरुस्त करत आणि पुन्हा पेटवत. घरातही तुमाले तीच भाषा. माय म्हणाली, "पोरगी भट्टी आहे का तुमची?" तुम्ही म्हणाले, "भट्टीले आराम देतात, मग पोरीले नाही द्यायचा?" मायाच होती, मी नाही म्हणत नाही. पण माझं पोट निवलं, पुन्हा बिघडलं, पुन्हा निवलं, आणि मले चालू कराले कोणी आलंच नाही. भट्टी बंद राहिली की वरून साहेबांचे फोन येतात, टन मोजतात, बोंब होते. पोरगी घरी राहिली तर कोणाचं काय अडते? भांडी घासली जातात, लहान भाऊ सांभाळला जाते. उलट सगळ्याइचं बरंच होते.

आपलं घर देव नसलेलं, शाळेलेच देवाच्या जागी मानणारं. दुसऱ्याच्या पोरी शाळेत दिसल्या नाही तर तुम्ही त्याइच्या दारात जाऊन भांडत होते. तीच तुमची जीभ माझ्या वेळेस कुठं गेली होती? हां, ड्यूटीवरून आले की मले पाटीवर मराठी शिकवली, हे खरं आहे. शाळेत सगळं हिंदी होतं, ही अक्षरं तुम्ही दिली. त्याच अक्षरात आता तुमाले बोलून राहिली. ऐका.

तुमची नात तुम्ही पाहिली नाही. बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षाले आहे. आमच्या रुआबांध्याहून ऑटोनं कॉलेजात जाते, आणि पोट माझंच घेऊन आली. फरक इतकाच की आता डॉक्टर आहे. तो म्हणते, आतड्यात जखमा होतात, भरतात, पुन्हा होतात. गोळ्या सोडायच्या नाही, वेळेवर साधं खायचं, मग कॉलेज काय, नोकरीही करते. गोळ्या ती घेते. खात नाही. डबा जसा नेला तसा परत. मागच्या आठवड्यात मी पकडलं.

"डबा कावून भरलेला आहे?"

"भूख नहीं थी."

"खोटं नको बोलू."

"मम्मी, खाते ही जाना पड़ता है. लेक्चर के बीच में कितनी बार उठूँ? लड़के बोलते हैं, लो, मैडम निकलीं दौरे पे."

"मग पेपरात काय करशील?"

"एक दिन पहले से खाना बंद. सिंपल."

सिंपल म्हणते! उपाशी राहून अर्धी झाली आहे. मी दुसऱ्या दिवशी तिले न सांगता कॉलेजात गेली. पोरींच्या बाथरूमले कुलूप, चाबी ऑफिसात, आणि ऑफिसवाला चहा प्याले गेलेला. आला तेव्हा म्हणलं, "भैया, पेट चाबी देखके नहीं दुखता." तो म्हणे, "मैडम से बात करिए." प्रिन्सिपल मॅडमशीही बोलली. बाई भली निघाली. म्हणाली, दाराजवळची जागा देऊ, पेपरात मधून जाऊ देऊ, चाबी वर्गातच ठेवू. मी खुशीत घरी आली, तर पोरगी तोंड फुगवून बसलेली.

"पूरे कॉरिडोर में सुनाई दिया! पेट, पेट, पेट! अब सबको पता है."

"पता आहे ना? मग आता लपवाचं काही राहिलं नाही. खा."

"आपसे बोला किसने था?"

बोलणं बंद केलं तिनं. आणि काल सकाळी बाथरूमच्या दारातच चक्कर येऊन बसली. रक्त पुन्हा सुरू झालं. डॉक्टरकडे नेली, त्यानं औषध वाढवलं. म्हणाला, तिची हिंमत असेल तर पेपर देऊ द्या, उपाशी मात्र नको. तुमचे जावई म्हणतात, "तूच ठरव, ते दुखणं तुले माहीत आहे." मोठे आले ठरव म्हणणारे. ती पलंगावर केमिस्ट्रीचं पुस्तक छातीवर घेऊन पडलेली होती. मी म्हणलं, "यंदा राहू दे. आराम कर. पुढच्या वर्षी दे." तोंडातून निघालं आणि मले कळलं, बाबा, हा आवाज तुमचा आहे.

ती उठून बसली. माझ्याशी हिंदीच बोलते नेहमी, तेव्हा मात्र मराठीत बोलली. "मम्मी, तुले पुढचं वर्ष कोणी दिलं?"

मी सैपाकघरात निघून आली. तेव्हापासून हे लिहून राहिली.

सोमवारी पहिला पेपर आहे. थांबवली तर तुम्ही बरोबर होते असं होईल, आणि मी तेव्हा घरी बसली त्याले रास्त कारण मिळेल. पाठवली आणि वर्गात तिचं माझ्यासारखं झालं, तर ती मले कधी माफ करणार नाही. पण पाठवली आणि तिनं त्याच पोटानं पेपर लिहून दाखवला, तर मग मीही लिहू शकली असती. कोणाले बोलली नाही, तुमाले सांगते: मले ह्याचीच भीती जास्त वाटते.

हे पत्र टाकाले पेटी नाही, पत्ता नाही, माहीत आहे मले. तरी उत्तर पाहिजे. आयुष्यभर चूप राहून तुम्ही सुटले, आता नाही सुटायचं. मले घरी बसवून तुम्ही चुकले, का तिले पाठवून मी चुकीन, सरळ सांगा, रविवारी दिवे लागायच्या आत. नाही सांगितलं, तर सोमवारी सकाळी मी तिले समोर बसवून दहीभात खाऊ घालीन आणि पाठवून देईन. मग म्हणाचं नाही की बापाले विचारलं नाही.