कोलेस्टेरॉलवर आंबट गोळी

३ जानेवारी, शुक्रवार
परभणीला रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली, मटण बंद केलं. आमचे वडील, अण्णा, त्रेपन्नाव्या वर्षी हार्टनं गेले, बांधावर बसल्या बसल्या. मला मार्चमध्ये त्रेपन्नावं लागतं. भ्यालो. इथं लिहायला काय हरकत आहे? उद्यापासून कडक शिस्त.

४ जानेवारी
शिस्तीचा पहिला दिवस. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. व्हिटॅमिन सी रक्तवाहिन्या आतून धुऊन काढतं. ताटाचं तेलकट लिंबानं निघतंच की. बिनतोड. मेडिकलमधून चघळायच्या नारिंगी गोळ्या आणल्या. डॉक्टरांची पाकिटं कपाटात, आणीबाणीसाठी. विजयमालाला सांगितलं नाही. बायकोला उगीच सायन्सचं टेन्शन नको.

५ जानेवारी, पहाटे
फिरायला जायचं ठरलं होतं. थंडी फार. थंडीत हृदयावर ताण येतो. अंथरुणातच एक गोळी चघळली.

१० जानेवारी, शुक्रवार
शेजारच्या मल्हारीकडं कंदुरी. पिराला बोललेल्या बोकडाचं जेवण, बोलावणं मोडणं म्हणजे पिराचा अपमान. फक्त रस्सा घ्यायचा ठरवून गेलो. रश्श्यात पीस होते, त्याला मी काय करणार? जेवणाआधी दोन गोळ्या, नंतर दोन. हिशोब बरोबर.

११ जानेवारी
शाळेच्या ऑफिसात आमचा शिपाई हरिओम याला सगळी थिअरी समजावली. तो म्हणाला, साहेब, मंग लिंबाच्या लोणच्याची बरणीच घ्या की उशाला. अडाणी माणूस.

१७ जानेवारी, शुक्रवार
गावातच पंडितरावांकडं कंदुरी. गोळ्या पाच. पीस मोजले नाहीत. मोजण्यानं टेन्शन वाढतं आणि टेन्शन हृदयाला वाईट.

२४ जानेवारी, शुक्रवार
सोनपेठला मेव्हण्याकडं कंदुरी. सासुरवाडीत नाही म्हणता येत नाही. गोळ्या आठ.

२५ जानेवारी, सकाळी
पोट जड. उरलेल्या सगळ्या गोळ्या खाल्ल्या.

दुपारी दोन
छातीत आग. घाम. अण्णांसारखंच. मोटरसायकलचे कागद ट्रंकेत आहेत. विजयमाला, मला

२६ जानेवारी
झेंडावंदनाला गैरहजर. काल मल्हारीनं जीपमध्ये घालून परभणीला नेलं. विजयमाला माझा हात सोडत नव्हती. पीरसाहेब, ह्यांना नीट घरी आन, तुला बोकड देते, असं वाटभर म्हणत होती. ईसीजी नॉर्मल. ॲसिडिटी. डॉक्टरांनी माझ्या खिशातली नारिंगी गोळ्यांची रिकामी बाटली बघितली आणि म्हणाले, एवढ्या आंबट गोळ्या खाल्ल्यावर पोट पेटणारच. ह्या गोळ्या कोलेस्टेरॉलच्या औषधाची जागा घेत नाहीत. रक्त पुन्हा तपासलं. दोनशे ब्याण्णव.

घरी आल्यावर तिनं कपाटातली पाकिटं मोजली. एकही गोळी कमी नव्हती. मला वाटलं ओरडेल. रडली. म्हणाली, अण्णा गेल्यावर सासूबाईचं कसं झालं म्या बघितलंय, मला बी तसंच ठिवायचं हाय का? लाज वाटली.

३१ जानेवारी, शुक्रवार
नवस फेडला. आमच्याच दारात कंदुरी. माझ्या हृदयासाठी बोकड पडला, म्हणून मी सोडून सगळ्या गावानं खाल्ला. मला दोडका. रिकामा बसू नये म्हणून वाढायला उभं केलं. हरिओम तीनदा रस्सा मागून म्हणाला, साहेब, लय झ्याक झालंय, असंच अधूनमधून आजारी पडत जावा.

आता औषधाची गोळी विजयमाला स्वतः देते. आ करायला लावते, जिभेखाली बघते.

वाढताना उजव्या हाताच्या बोटाला रस्सा लागला होता. ते बोट पंगत उठेपर्यंत जपून ठेवलं. हळूच न्हाणीच्या आडोशाला निघालो, तर ती तिथं साबण घेऊन उभी.