हातातली मिरची

गिरगाव, बुधवार

प्रिय अक्षदा,

अक्षर ओळखले असशीलच. बावीस वर्षांपूर्वी ते लाल शाईत होते. पाकीट न फोडता फेकून द्यावेसे वाटले असेल, तर ते रास्तच आहे. पण फोडलेच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मी सहसा कुणाला विनंती करत नाही, हे तुला ठाऊक आहे.

दीड वर्षापूर्वी मला नागीण झाली. फोड तीन आठवड्यांत सुकले, डाव्या बरगडीखालची आग मात्र राहिली. नसा दुखावल्या आहेत, ती कदाचित कायमचीच राहील, असे डॉक्टरांनी सांगितले. पंख्याचा वारा लागला तरी जीव कासावीस होई. गोळ्यांनी आग मंदावे, पण त्यांच्याबरोबर शब्दही हरवत. एकदा मला 'चित्त' हा शब्द आठवेना. मला, जिने एकतीस वर्षे योगदर्शन शिकवले! डॉक्टरांना विचारून मी गोळ्यांची मात्रा निम्मी केली आणि स्वतःच्या शास्त्राकडे वळले. आसन, प्राणायाम, साक्षीभाव, सारे काटेकोर. शिवाय एक वही केली आणि तीत दर तासाला वेदनेला दहापैकी गुण देऊ लागले. तीन महिन्यांत सरासरी सहावरून आठावर गेली. दादरच्या सभागृहातले माझे दोन तासांचे व्याख्यान तेव्हा चार महिन्यांवर आले होते. विषय होता दुःख आणि त्याचा द्रष्टा. नकार कळवावा, की व्यासपीठावर शब्द विसरून हसे करून घ्यावे, एवढाच प्रश्न उरला होता.

नकाराच्या पत्रासाठी कोरा कागद शोधताना कपाटात तुझ्या अपुऱ्या प्रबंधाचे चौथे प्रकरण सापडले. त्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत, हे मी आजही नमूद करते. गिरणी बंद पडल्यावर तुझी आई मसाल्याच्या दुकानासाठी दिवसभर मिरच्यांचे देठ खुडत असे, हातांची आग होत असे आणि तरी ती गुणगुणत असे. द्रष्टा आणि दृश्य यांतला भेद ती नाव न घेता जगते, असे तू लिहिले होतेस. समासात माझा शेरा होता, 'आधार?' आणि समितीसमोर मी विचारले होते, "प्रबंध स्वयंपाकघरात बसून लिहिलात का?" सगळे हसले होते. तू फाइल बंद केलीस आणि पुन्हा आली नाहीस.

तो आधार तपासायला मी लालबागला गेले. परीक्षक म्हणूनच गेले. खोटे वाटेल असे काही लिहीत नाही. पत्ता तुझ्या अर्जावर होता. तुझ्या आई, रखमाबाई, चाळीच्या गॅलरीत पोत्याशी बसल्या होत्या. मी नाव सांगितले नाही. मिरच्या निवडायला शिकायचे आहे, एवढेच म्हटले. त्यांनी मला खालपासून वर न्याहाळले आणि पाट सरकवला. अर्ध्या तासात बोटे पेटली. मी नळाकडे धावले, तर आग मनगटापर्यंत चढली. "पाण्यान आग जाता? शिकलेली ना गो तू?" म्हणत त्यांनी खोबरेल चोळले. तासाचा ठोका पडताच मी पिशवीतून वही काढली. हे काय, म्हणून त्यांनी विचारले, मी सांगितले. "दुखण्याक मार्क देतंस? मगे ता पयलो नंबर काढतलाच!" असे म्हणून त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून शांताबाई बाहेर येऊन बघू लागल्या.

मी रागावले नाही. त्याचे मलाच आश्चर्य वाटले. पुन्हा पाटावर बसले, आणि अजून किती उरल्या म्हणून पोत्याकडे पाहिले. तेव्हा त्या म्हणाल्या, "पोत्याक काय बघतंस? हातातल्या मिरचीक बघ."

अक्षदा, एका मिरचीची आग सोसवते, अगदी कुणालाही. मी मात्र गेल्या वर्षाचे आणि पुढच्या दहा वर्षांचे पोते या क्षणाच्या बरगडीवर ठेवत होते. त्या पोत्यात वेदनेहून अपमान अधिक होता: मला, शास्त्र जाणणारीला, हे का व्हावे? योगसूत्रांतल्या क्लेशांच्या यादीत अस्मिता, म्हणजे मीपणा, दुसरी येते. एकतीस वर्षे मी ती फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिली आणि स्वतःत एकदाही पाहिली नाही. त्यानंतर चार महिने मी दर मंगळवारी गेले. वही तिसऱ्या मंगळवारी मिरच्यांच्या देठांबरोबर कचऱ्यात गेली.

गेल्या शनिवारी व्याख्यान झाले. दोन तास मी उभी होते. डोक्यावर पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. तो बंद करा असे मी म्हटले नाही. आग पहिल्या रांगेत बसलेल्या श्रोत्यासारखी होती, जागी आणि लक्ष देऊन. मी तिला पाहिले आणि पुढे बोलत राहिले. एकही शब्द हरवला नाही. इतके चांगले मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. हा अभिमान असेल तर असो, तो कमावलेला आहे. शेवटी तुझ्या वर्गातला पुष्कर, जो आता विभागप्रमुख आहे, उठला आणि त्याने माझाच प्रश्न मला विचारला, "बाई, मिरच्यांच्या या उदाहरणाला आधार काय?" मी सांगितले, "रखमाबाई, लालबाग. नोंद त्यांच्या मुलीने, अक्षदाने, केली आहे. अप्रकाशित प्रबंध, प्रकरण चौथे. तो अप्रकाशित राहिला, कारण मी तो हसण्यावारी नेला." पुष्कर खाली बसला नाही. प्रबंधाची नव्याने नोंदणी करता येईल, मार्गदर्शन मी करीन, असे तो तिथेच म्हणाला. निर्णय तुझा आहे.

मी मंगळवारच का निवडला, तेही आता सांगते. तू माहेरी रविवारी येतेस, हे मी पहिल्याच भेटीत काढून घेतले होते. दुखण्यासमोर उभी राहिले, तुझ्यासमोर नाही. काल अखेर रखमाबाईंना सांगितले, की तुमच्या मुलीचे शिक्षण थांबवणारी बाई ती मीच. त्यांचे हात थांबले नाहीत. हातातला देठ खुडून त्या म्हणाल्या, "ह्या माका कित्याक सांगतंस? तिका सांग. तोंडान सांगशीत तर भाषण करशीत. चार ओळी लिहून दी." चारच्या इतक्या झाल्या, त्या म्हणाल्या तसे भाषणच झाले. मागितलेल्या चार ओळी खाली देते, आणि तुझे प्रकरण सोबत जोडते. समासातला शेरा मी खोडला आहे.

तुझे चौथे प्रकरण बरोबर होते.
आधार तुझ्या घरात बसला होता, आणि मी त्याला हसले.
मी तुझी क्षमा मागते.
या रविवारी मी येते आहे.

तुझीच,
अनुजा विजयकर